सात रस्त्याजवळचं परदेशी शिक्षण सल्ला केंद्र: फी घेतात, म्हणूनच भरवसा बसला

आमची थोरली सध्या जर्मनीत मॅनहाइम विद्यापीठात मास्टर इन मॅनेजमेंट करते आहे. कॉलेज निवडण्यापासून व्हिसा हातात पडेपर्यंतचं तिचं सगळं काम सोलापुरात सात रस्त्याजवळच्या या केंद्रातून झालं. ओळखीतले पालक फोन करून विचारतात, "कसं आहे ओ ते ऑफिस? पैसे घेतात म्हणे." घेतात. पस्तीस हजार, वर जीएसटी, दोन हप्त्यांत, पक्की पावती. तिथं जायचं पहिलं कारण माझ्या मते तेच आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. निर्यातीचा माल, एजंट, क्लेम हे आमचं रोजचं. आमच्या धंद्यात एजंट कुणाच्या बाजूचा हे त्याची दलाली कोण देतं यावरून कळतं. परदेशी शिक्षणाच्या सल्ल्यातही हेच चालतं, पण पालकांना ते कुणी उघड सांगत नाही. जिथं 'मोफत मार्गदर्शन' असा बोर्ड असतो, तिथं पैसे बहुतेक वेळा परदेशातली संस्था देते. दर विद्यार्थ्यामागे, पहिल्या वर्षाच्या फीचा काही हिस्सा. मग ज्या संस्थेची फी मोठी, तिचंच नाव यादीत वर येणार. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं साधारणपणे अशी दलाली देत नाहीत, म्हणून मोफत सल्ल्यात त्यांची नावं सहसा येत नाहीत.

इथं येण्याआधी आम्ही एका मोठ्या ऑफिसात जाऊन आलो होतो. एसी हॉल, चहा, भिंतीवर झेंडे. मुलीची गुणपत्रकं फाइलमध्येच राहिली, कुणी उघडूनसुद्धा बघितली नाहीत, आणि संस्थांची यादी मात्र आमच्या हातात पडली. सगळ्या खाजगी, सगळ्यांची फी वर्षाला दहा हजार युरोंच्या वर. मुलीनं मॅनहाइमचं नाव काढलं तर उत्तर आलं, "तिकडं अवघड असतं मॅडम, तुम्ही वर्ष कशाला वाया घालवता?" अवघड का, काय कमी पडतं, हे सांगायला तिथं कुणी तयार नव्हतं.

सात रस्त्याजवळच्या या ऑफिसात केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी आधी सगळी गुणपत्रकं टेबलावर मांडायला लावली. मग सरळ म्हणाल्या, "काका, मी कुठल्याच विद्यापीठाकडून एक रुपया घेत नाही. म्हणून तुमच्याकडून घेते. पटलं तर बसा." पटलं, आणि बसलो.

मुलीच्या डोक्यात एमबीए होतं. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं ती आमच्याच कारखान्यात मर्चंडायझिंगला होती. मॅडमनी स्क्रीनवर दोन पानं शेजारी शेजारी उघडली. एकीकडं मॅनहाइम बिझनेस स्कूलचा एमबीए आणि दुसरीकडं मॅनहाइम विद्यापीठाचा मास्टर इन मॅनेजमेंट. शहर एक, नावाची पत तीच. एएसीएसबी, इक्विस आणि अ‍ॅम्बा या तिन्ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणारं जर्मनीतलं पहिलं ठिकाण हेच. पण एमबीए हा कामाचा पक्का अनुभव असलेल्यांसाठी आणि त्याची फी कित्येक पटींनी जास्त. मास्टर मात्र सरकारी विद्यापीठाचा. मॅनहाइम ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, ते भरायचे. वर विद्यापीठाचं थोडं सत्रशुल्क. हा फरक आम्हाला तोवर कुणीच समजावून सांगितला नव्हता. त्या तीन मान्यता संस्थेच्या जाहिरातीत बघायच्या नाहीत, मान्यता देणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तपासायच्या, हेही मॅडमनी मुलीकडून तिथल्या तिथं करून घेतलं. आधीच्या यादीतली नावंही त्यांनी तिलाच शोधायला सांगितली. शोधून झाल्यावर ती यादी आम्ही पुन्हा उघडली नाही.

नंतर मी माझ्या पुतण्याला तिथं पाठवलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यालाही एमबीएच करायचं होतं. त्याच्याकडून त्यांनी पैसे घेतलेच नाहीत. "आधी दोन-तीन वर्षं नोकरी कर, मग ये. आत्ता गेलास तर चांगली शाळा तुला घेणार नाही आणि जी घेईल तिथं तू जाऊ नकोस," असं सांगून परत पाठवलं. भाऊ थोडा नाराज झाला. मला मात्र त्या बाईंबद्दल आदर वाटला, कारण पस्तीस हजार समोर बसलेले असताना नाही म्हणायला धंद्यात जिगर लागते.

कागदपत्रांच्या कामात हे केंद्र फार चोख आहे. आपल्याकडच्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. एवढं तर सगळ्यांचंच असतं. आमच्या बाबतीत बारावीच्या गुणपत्रकावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' आणि पासपोर्टवर दोन. इतक्या वर्षांत घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मॅडमनी दोन्ही कागद एकाखाली एक धरले आणि पेन्सिलीनं बारीक गोल केला. तिथून प्रतिज्ञापत्र, नोटरी सगळं वेळेत झालं. दुसऱ्या एका मुलाच्या पदवीवर विद्यापीठाचं जुनं नाव होतं. २०१९ मध्ये ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. तर त्याला केगावला विद्यापीठात पाठवून दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची असल्याचं पत्र आणायला लावलं. जर्मनीतल्या कारकुनानं हे स्वतःहून समजून घ्यावं अशी अपेक्षाच ठेवायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

अभ्यासक्रमाचं काम सगळ्यात किचकट. जर्मन विद्यापीठ नुसती टक्केवारी बघत नाही. पदवीत कुठला विषय किती शिकलात याचं माप काढतं आणि कमी भरलं तर अर्ज तिथंच थांबतो. मुलीनं बी.कॉम.चा छापील अभ्यासक्रम काढला, प्रत्येक पेपर किती तासांचा, त्यात काय काय होतं, याचा तक्ता केला. 'बिझनेस स्टॅटिस्टिक्स' या एका पेपराखाली तिनं आधी एक ओळ लिहिली होती. मॅडमनी ती खोडून विचारलं, "यात रिग्रेशन शिकलीस का? मग लिही ना. तिकडचा माणूस तेच शोधणार आहे." तो तक्ता किती वेळा नव्याने झाला ते मुलीलाच ठाऊक, पण प्रवेश मिळण्यात त्याचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. जीमॅटचा, म्हणजे मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास तिनं स्वतः केला. मॅनहाइमच्या निवडीत त्या गुणांना वजन आहे. आता परीक्षा सव्वादोन तासांची झाली आहे आणि गुण २०५ ते ८०५ या मापात येतात. आमच्या भागातल्या लाइटचा भरवसा नसल्यानं घरून ऑनलाइन देण्यापेक्षा ती हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन केंद्रावर देऊन आली.

आता त्या पत्राबद्दल, ज्याला मोटिव्हेशन लेटर म्हणतात. काही विद्यापीठं मागतात, व्हिसालाही लागतं. बऱ्याच ठिकाणी ते पैसे घेऊन लिहून देतात. इथं देत नाहीत. मुलीच्या पहिल्या मसुद्यात लहानपणापासूनचं स्वप्न, जागतिक नेतृत्व वगैरे होतं. मॅडमनी वाचून कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "कारखान्यात तुझ्यामुळं काय वाचलं किंवा काय बिघडलं, ते सांग." तेव्हा तिनं रंगाच्या शेडवरून आलेल्या क्लेमची गोष्ट सांगितली. एका ऑर्डरीत दोन वेगळ्या डाय लॉटचे, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेले टॉवेल एकाच खोक्यात गेले. निळा तोच, पण शेजारी ठेवले की फरक दिसायचा. खरेदीदारानं पैसे कापले. त्यानंतर मुलीनं खोक्यावर लॉट नंबरची चिठ्ठी लावायची साधी पद्धत बसवली आणि पॅकिंगच्या बायकांना तेलुगूत समजावून सांगितली. आम्ही पद्मशाली, घरी तेलुगूच बोलतो, त्यामुळं तिला ते जमलं. मॅडम म्हणाल्या, हेच लिही. तिनं लिहिलं. मी हिशेबाचा माणूस, पत्रबित्र मला कळत नाही, पण ते वाचताना पोरगी कारखान्यात काय करत होती हे मला पहिल्यांदा नीट कळलं.

वेळापत्रकाचं भान हा या केंद्राचा दुसरा मोठा गुण. जर्मनीत बहुतेक विद्यापीठांचे वर्ग ऑक्टोबरात सुरू होतात, मॅनहाइमचे सप्टेंबरच्या सुरुवातीलाच. त्यामुळं सगळं एक महिना अलीकडं ओढावं लागतं. मॅडमच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर प्रत्येक मुलाच्या तारखा शेवटाकडून मागं मोजत लिहिलेल्या असतात. सगळ्यात आधी एपीएस. म्हणजे आपली गुणपत्रकं खरी आहेत असा दाखला. भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी तो नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचा आहे. फी १८,००० रुपये. तो मिळायला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून आमचे कागद दिवाळी झाली की लगेच गेले आणि जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीच्या दिवसांत आम्ही निवांत अर्ज भरत बसलो. ज्यांनी हे उशिरा केलं, त्यांची प्रवेशपत्रं आली तरी दाखला आला नव्हता, अशी मुलं त्याच ऑफिसात नंतर रडकुंडीला आलेली मी बघितली आहेत. ती दुसरीकडून आलेली होती.

पैशांचं सांगतो. जर्मनीला व्हिसा देताना मुलाच्या एका वर्षाच्या खर्चाची हमी लागते. त्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट काढतात. सध्या त्यात ११,९०४ युरो भरावे लागतात आणि तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो मोकळे होतात. युरो शंभरच्या आसपास धरला तर हेच बारा लाखांच्या घरात जातं. ही फी नव्हे, मुलीचे स्वतःचे राहण्याखाण्याचे पैसे आहेत, हे माझ्या बायकोला समजावताना मॅडमनी चक्क कागदावर भाडं, विमा, किराणा मांडून दाखवलं.

कर्जाच्या बाबतीत मात्र हे केंद्र कमी पडतं. त्यांच्याकडं एका पानाची माहिती आहे, बाकी "बँकेत विचारा". आमची मोहोळ तालुक्यात शेती आहे, ऊस आहे, पण सातबारा घेऊन गेलं की बँकेत मान हलते. शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा चालत नाही. जुळे सोलापुरातला फ्लॅट द्यावा लागला. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात, परदेशी शिक्षणाला पंधरा टक्के मार्जिन आपलं घालावं लागतं, हप्ता साधारणपणे शिक्षण संपून वर्षभरानं सुरू होतो. एका शाखेत दर भेटीला नवा कागद मागत होते, ती सोडून दुसरीकडं गेलो. दोन गोष्टी केंद्राच्या त्या पानावर ठळक असायला हव्यात. एक, बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर आता टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापला जात नाही. दुसरी, आयकरात या कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण जुन्या करप्रणालीत राहिलात तरच. मी हे मॅडमना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या पालकांना त्या पानावर दिसेल अशी आशा आहे.

दर उन्हाळ्यात एका रविवारी ते जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना बोलावतात. याला जरूर जा. तिथं आधी गेलेली मुलं व्हिडिओवर येतात आणि बायकांचे प्रश्न सुरू होतात. माझ्या बायकोनं विचारलं, खव्याची पोळी टिकते का. टिकली तरी नेता येत नाही. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. म्हणजे खवा, पेढे आणि घरचं तूपसुद्धा गेलं. ताजा कढीपत्ता नाही, डाळिंब नाही. एवढं ऐकून हॉल गप्प झाला होता. मग एका मुलीनं तिकडून शेंगाचटणीची बरणी कॅमेऱ्यासमोर धरली आणि मागं कडक भाकरीची चवड दाखवली. ज्वारीच्या कडक भाकरीला ना दूध ना तूप, महिनोन्महिने राहते, चटणी आणि थोडं तेल घेतलं की जेवण होतं. माझी बायको त्या रात्री घरी येऊन लगेच हिशेबाला बसली: किती भाकऱ्या, कुठल्या डब्यात, तुकडे न होता कशा जातील. प्रत्येक थरामध्ये आमच्या कारखान्याचा हॅन्ड टॉवेल घातला. भाकरी शाबूत पोचली आणि टॉवेलही वापरात आले. सोलापुरी चादर न्यायची का, यावर बराच वेळ चर्चा झाली. डबल चादर दीड-दोन किलोंची, आणि बॅगेत प्रत्येक किलो मोलाचा. मुलीनं चादर घेतलीच. तिकडं खोलीत रजई मिळते, पण ती म्हणते रजईवर चादर घातल्याशिवाय झोप येत नाही.

टॉवेलबद्दल माझं स्वतःचं मत जोडतो, कारण हा माझा विषय आहे. जाड, भारी जीएसएमचा (दर चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, ते माप) टॉवेल देऊ नका. हिवाळ्यात बंद खोलीत तो वाळत नाही, कुबट वास धरतो. चारशेच्या आसपासचे दोन द्या.

गेल्यानंतर केंद्राची मदत कमी होते, पण संपत नाही. आधीच्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तो खरा आधार. पोचल्यावर नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करायची, मगच बाकीची कामं पुढं सरकतात, हे त्या ग्रुपवर टप्प्याटप्प्यानं सांगितलं गेलं. मॅनहाइमच्या मध्यवस्तीत रस्त्यांना नावं नाहीत, चौकोनी ठोकळ्यांना अक्षर आणि आकडा आहे. मी इथून पार्सल पाठवायला गेलो तेव्हा कुरिअरवाला "रस्त्याचं नाव सांगा" म्हणून अडून बसला. ग्रुपवर विचारलं, दहा मिनिटांत एका पोरानं फॉर्म कसा भरायचा त्याचा फोटो टाकला. खोली शोधून देण्याचं काम केंद्र करत नाही, हे आधीच समजून घ्या. विद्यार्थी वसतिगृहाची रांग लांब असते. प्रवेश मिळाला त्याच दिवशी नाव घाला. आमच्या मुलीनं घातलं होतं तरी सुरुवातीचे काही आठवडे तिला दुसऱ्या मुलींबरोबर तात्पुरतं राहावं लागलं.

मॅडमची एक गोष्ट पालकांना कडू लागते, पण ती खरी आहे. मुलं तिकडं वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करू शकतात, शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. हे ऐकून बाप लोक लगेच हप्त्याचा हिशेब लावतात. मॅडम म्हणतात, तो हिशेब धरू नका, आणि जर्मन येत नसेल तर त्या अठरा महिन्यांत काही खरं नाही. त्यांनी मुलीला अर्ज करायच्या आधीपासूनच जर्मनच्या क्लासला बसवलं. आता ती सुपरमार्केटच्या काउंटरवर मोडकंतोडकं बोलते. इंटर्नशिपच्या मुलाखतीत पहिली पाच मिनिटं जर्मनमध्ये घेतात, असं तिचं सांगणं.

अमेरिका, कॅनडाकडं जायचं असेल तर इथं जाऊ नका. त्यांचं काम युरोपपुरतं आहे आणि ते तसं स्पष्ट सांगतात. एपीएसचे कागद गेल्यावर केंद्राची फी परत मिळत नाही. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. आजीआजोबांना घेऊन जाऊ नका. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत. जूनच्या सुमारास फार गर्दी असते, मॅडम एकट्याच सगळं वाचतात, त्यामुळं उत्तराला दोन-तीन दिवस लागतात. एक मदतनीस नेमावा असं मी सुचवलं आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा कर्जाच्या त्या एका पानासाठी कापला. पहिल्या भेटीला जाताना दहावीपासूनची सगळी गुणपत्रकं, पासपोर्ट आणि पदवीचा छापील अभ्यासक्रम बरोबर न्या, आणि मुलाला बोलू द्या. आईबापच बोलायला लागले की मॅडम त्यांना बाहेरच्या बाकावर बसवतात.